धुऱ्याच्या अलीकडे

डुकरं हरभऱ्यात शिरली की
मी सुतळी बॉम्ब लावायचो.
दोन हंगाम लावत होतो.
धुऱ्याच्या पलीकडे शालिक भोयर, रिटायर हवालदार,
नालीत पालथा पडायचा,
दोन्ही हात डोक्यावर, तोंडात माती,
हे मला ठाऊक नव्हतं.
पंचफुलानं सांगितलं, तेही पोळा झाल्यावर,
नळावर गुंड भरता भरता,
माझ्याकडे न पाहता.

गावात उपायांना तोटा नाही.
कोणी म्हणे बाहेरचं आहे, उतरवून टाका.
कोणी म्हणे, एक क्वार्टर मारायची अन् गुपचूप झोपायचं.
सरपंच म्हणाला, फौजी माणसाले कायचं भेव?
पंधरा ऑगस्टला त्यानंच हार घातला होता,
आणि शाळेच्या पटांगणात
लवंगीची लड लावली होती.

वर्ध्याच्या दवाखान्यात ढोके मॅडम.
गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या,
ही झोपेची नाही, हिला आठवडे लागतात,
पेरल्या दिवशी बोंड मागू नका.
शालिकनं ती पुडी दिवाळीपर्यंत
जुन्या कोटाच्या खिशात जपून ठेवली.

मग म्हणाल्या, सोबत आणखी एक वाट आहे.
ती रात्र सांगायची. डोळे मिटून,
आत्ता घडतेय अशी, पहिल्यापासून शेवटपर्यंत,
अन् पुन्हा पहिल्यापासून.
मोबाईलमध्ये भरून घ्यायची, रोज ऐकायची.
"घरी नाही ऐकत," शालिक म्हणाला, "लेकरू हाये."

म्हणून शेतातल्या खोपडीत.
आमच्याकडे लाईन रात्रीची,
बाराला मोटर सुरू होते.
तो मोबाईल बाजेवर ठेवतो,
मी धुऱ्यावर बसतो, अलीकडच्या अंगाला.
त्यानंच सांगितलं, बस. बोलू नको फक्त.

हिंदीत आहे ते सगळं.
ते मराठीत झालंच नव्हतं, म्हणतो.
बिष्ट पुढे आहे. नाला आहे. गुडघाभर बर्फ.
बिष्ट म्हणतो, तू रुक, जूते का फीता बाँध ले.
मग उजेड.
मग बराच वेळ नुसता श्वास,
आणि मॅडमचा आवाज: पुढे?
बाजेवर शालिक, घामानं ओला,
जानेवारीत.

पहिले तीन दिवस ओकला.
चौथ्या दिवशी खोपडीला कडी.
दोन सोमवार वर्ध्याची एसटी
त्याच्यावाचून गेली.
मॅडमचा फोन पंचफुलानं उचलला,
काय बोलणं झालं कोण जाणे,
तिसऱ्या सोमवारी दोघंही फाट्यावर उभी,
तिच्या हातात डबा, त्याच्या खिशात
फोडलेली पुडी.

मी कितीदा ऐकलं, मोजलं नाही.
नागपूरच्या पुढे मी कधी गेलो नाही,
पण तो नाला कुठं वळतो
मला अंधारात सांगता येईल.

एका रात्री त्यानं मधेच बंद केलं.
"फीता बांधलाच होता," म्हणाला.
"त्यानं नाही थांबवलं मले.
मीच थांबलो. पाय उचलतच नव्हता."
पाणी दांड फोडून भलतीकडे चाललं होतं.
मी उठलो नाही. बोललो नाही.
ठरलं होतं तसं.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"त्याले लेकरं होती का,
मी इचारलंच नाही कधी."
आणि मोबाईल पुसून
बाजेखाली ठेवला.

बरा झाला का, लोक विचारतात.
मला काय माहीत.
परवा फाट्यावर ट्रकचा टायर फुटला
तेव्हा त्यानं माझा दंड धरला,
सुटेना. चार बोटं उमटली.
तरी उभा होता.

मी आता बॉम्ब आणत नाही.
तेलाचा रिकामा डबा आहे आणि एक दांडकं.
त्याआधी हाक देतो,
शालिकभाऊ, डबा वाजवून राह्यलो!
पलीकडून येतं, वाजव.

कधी येत नाही.
त्या रात्री डुकरं
हरभरा खातात.